कुंडीची सोय

पिरंगुटला हमरस्त्यावर, पंक्चरवाला आणि खताचं दुकान यांच्या मधोमध 'आशालता फोटो स्टुडिओ' आहे. आशालता हे चंद्रकांतच्या बायकोचं नाव. ती दुकानात कधी फिरकत नाही. पाटीवर आहे तेवढं पुष्कळ झालं, असं तिचं म्हणणं. चंद्रकांत मूळचा बार्शीकडचा. हिंजवडीला कंपन्या आल्या, कंपन्यांच्या मागून भाडेकरू आले, भाडेकरूंच्या मागून पासपोर्ट साइज फोटोंची गरज आली आणि त्या गरजेच्या मागून चंद्रकांत आला.

लग्न, बारसं, वाढदिवसाचे फ्लेक्स ही कामं सगळेच करतात. चंद्रकांतचं नाव झालं ते फोटोतली माणसं पुसण्यात. मुळशी खोऱ्यात रस्ते रुंद झाले, जमिनींना भाव आला आणि घरोघरी कुणी ना कुणी नकोसं व्हायला लागलं. कुणाला सही न करणारा भाऊ नकोसा, कुणाला हिस्सा मागणारी बहीण. माणूस घरातून घालवायचा तर कोर्टात जन्म जातो. फोटोतून घालवायला चंद्रकांत आठ दिवस घ्यायचा.

त्याच्याकडे फोटोशॉप सात होतं. त्यात माणूस पुसणं म्हणजे सारवणच. शेजारचं गवत, शेजारची भिंत, शेजारणीची साडी माऊसने चिमूट चिमूट उचलायची आणि नको असलेल्या माणसावर लिंपत बसायचं. एवढं करूनही मधेच एक डाग राहायचा, गवत नाही आणि भिंतही नाही असा काहीतरी. त्यावर चंद्रकांतने उपाय काढला होता. एका मंगल कार्यालयाच्या दारातल्या क्रोटनच्या कुंडीचा त्याने एकदा फोटो काढून ठेवला होता. तीच कुंडी तो डागावर बसवायचा. पुढे पुढे ती इतकी बसली की पौडपासून बावधनपर्यंत निम्म्या घरांच्या भिंतींवर, आजोबा आणि मोठी सून यांच्यामध्ये, एकच क्रोटन वाढायला लागलं. बायका पाहुण्या म्हणून गेल्या की आधी फोटोत कुंडी शोधायच्या. "त्यांच्यात कुंडी हाय," असं कुणी म्हटलं की पुढचं विचारायचं नाही, एवढी समज सगळ्यांना आली होती.

या कारभाराचे दोन फायदे होते. एक आठ दिवसांचा. फोटो टाकून गेलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा यायचा, बाकावर टेकायचा, न विचारता स्वतःच चहा सांगायचा आणि पंक्चरवाल्याकडे बघत म्हणायचा, "ते राहू द्या मग." राग हा नाशवंत माल आहे. आठ दिवस तो क्वचितच टिकतो. दुसरा फायदा कुंडीचा. कुंडी होती म्हणजे जागा होती. कुशाबाचा भाऊ सहा वर्षं कुंडी होता. मग समेट झाला, नवा फोटो काढायचं ठरलं, तर कुशाबाची म्हातारी म्हणाली, कुंडीबी राहू दे, तिची सवय झालीया.

चंद्रकांतला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपलं मशीन स्लो आहे, एवढंच त्याला वाटायचं.

जवळच्या रिहे गावचे दादासाहेब त्याचे मोठे गिऱ्हाईक. वर्षाला दहा-बारा फ्लेक्स तर नक्कीच. दादासाहेब सुधारक होते. चौदा एप्रिलला खोऱ्यातल्या प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी त्यांचा हात जोडलेला फोटो लागायचा, खाली 'शुभेच्छुक'. भाषणात ते म्हणायचे, माणसामाणसात भेद करणाऱ्याला मी माणूस समजत नाही. त्यांची मुलगी वृषाली हिंजवडीच्या एका कंपनीत होती. लहानपणापासून वडिलांची भाषणं ऐकलेली, आणि तिच्या स्वभावात एक खोट होती: ऐकलेलं तिला खरं वाटायचं. तिने तिच्याच कंपनीतल्या विकीशी रजिस्टर लग्न केलं. विकी शेजारच्याच गावचा, विहारामागच्या वस्तीतला. ज्या वस्तीच्या तोंडाशी दादासाहेब हात जोडून उभे असत, तीच ती.

दोघांनी हिंजवडीजवळ जांबे गावात भाड्याने खोली घेतली. दादासाहेबांनी घरातले अल्बम न्हाणीतल्या बंबात घातले. त्या दिवशी घरात सगळ्यांना अंघोळीला कडकडीत पाणी मिळालं.

हे जूनमधलं. दिवाळीनंतर दादासाहेबांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. हॉलमध्ये दाराच्या बरोबर समोर सहा फुटी फॅमिली फोटो लावायचा, अशी सुनेची, जुईलीची हौस. सगळं घर एकत्र असलेला फोटो बंबातून एकच वाचला होता. मुलाच्या, सौरभच्या लग्नात लॉनवर काढलेला. तो वाचला कारण तो घरात नव्हता, चंद्रकांतच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

दादासाहेब आले ते उभ्या उभ्याच बोलले.

"चंद्रकांत, त्या फोटोतली ती काढून टाक."

"कोणती, दादासाहेब?" चंद्रकांतने विचारलं. त्याला माहीत होतं, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्यायची पद्धत होती.

"मदली."

"आठ दिवस लागतील."

"लागू देत. पण कुंडी-बिंडी नको मला. आमचं घर काय नर्सरी हाय?"

"डाग राहतो हो दादासाहेब. कुंडीशिवाय नाही भागत."

"मग ठेव एखादी बारकी," असं म्हणून ते गेले. गाडीचं दार त्यांनी आपटलं, पण ते दोनदा आपटावं लागलं. पहिल्यांदा धोतराचा सोगा अडकला होता.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई आल्या. दादासाहेबांची बायको. हातात फुटक्या काचेची एक फ्रेम, दुकानात शिरायला कारण म्हणून. फ्रेममध्ये गणपती होता, त्यामुळे कुणी काही विचारण्याचा प्रश्न नव्हता.

"भाऊ, काल हे आलं व्हतं?"

"आले होते, वहिनी."

"किती दिस सांगितलं?"

"आठ."

"पंधरा लावा."

"वहिनी, वास्तुशांत तोंडावर आलीय. ते मलाच फोटोत घालतील."

"मशीन बिघडलं म्हणा. बिघडतंच की तुमचं सारकं. गेल्या साली आमच्या सौरभचा फ्लेक्स तुमी वाढदिस झाल्यावर दिला, इसारला व्हय?"

अनुसयाबाईंनी गणपती काउंटरवर ठेवला आणि आवाज खाली आणला.

"त्यांचा राग म्हायतीय मला. दूध उतू जातं तसा. जातो न् मग सोताच फडकं घिऊन पुसत बसत्यात. परवा जेवताना म्हणलं, तिला कारलं आवडायचं न्हाई. आपणहून म्हणलं. चार म्हयन्यांत पयल्यांदा तिचा इषय काडला. म्या काय बोलले न्हाई. बोलले तर पुन्ना बंद व्हतील."

"पण वहिनी, फोटोचं काय एवढं? ती तर इथेच आहे, जांब्याला. केव्हाही काढा फोटो."

"तसं न्हवं ओ." त्यांनी कपाळावर हात मारला, हळूच, बांगड्या वाजू न देता. "तिला म्या सांगून ठिवलंय, वास्तुशांतीला ये. जावायाला घिऊन ये. दार उघडलं की समोर काय? फोटो. त्यात तीच हुबी हाय मदोमद. मग आल्याल्या पावण्यांम्होरं हे तिला भायेर कसं घालवतील? भिंतीवरली आत न् दारातली भायेर, असं कुटं असतंय का? लोक हासतील. न् लोक हासल्यालं त्यांना चालत न्हाई, तुमाला म्हायतीय."

"आणि नाहीच ऐकलं त्यांनी? पुसायलाच लावलं तर?"

"तर कुंडी हायच की. कुंडी बगून कुणीतरी इचारतंच, हितं कोण व्हतं म्हणून. इचारलं की नाव निगतं. नाव निगालं की माणूस निगतं. पन कुंडी मोटी ठेवा. बारकी नगं."

चंद्रकांतने शब्द दिला. आठाचे पंधरा करीन म्हणाला. अनुसयाबाईंनी गणपतीला नमस्कार केला, त्याला काच बसवायची विसरल्या आणि गेल्या.

चंद्रकांत शब्दाचा पक्का होता. त्याच्या आड आला तो ऋषिकेश.

ऋषिकेश बावधनला राहायचा, मोठ्या पगाराचा माणूस. रिह्याला त्याने दादासाहेबांकडून फार्महाउससाठी प्लॉट घेतला होता आणि शनिवार-रविवार तिथे येऊन तो भातखाचरांचे फोटो काढायचा. त्याच्या गळ्यातला कॅमेरा चंद्रकांतच्या कॅमेऱ्याहून मोठा होता. फोटो छापायला मात्र तो चंद्रकांतकडेच येई, कारण बावधनला पार्किंग मिळत नसे. एका रविवारी तो काउंटरच्या आत डोकावला आणि कुणी मेल्यासारखं बघत राहिला.

"काका! अजून सातवर आहात? अहो, दोन हजार दहा चालू आहे. बारा आलंय. त्यात नुसता सिलेक्ट करायचा, की माणूस गायब. मागचं तो स्वतः भरतो. त्याला कळतं, माणूस नसता तर तिथे काय असतं ते."

"त्याला कसं कळतं?"

"आजूबाजूला बघून."

पुढच्या रविवारी त्याने कुठूनशी मिळवलेली डीव्हीडी आणून दिली. नवीन आवृत्ती आत यायला निघाली आणि मशीनने पाटी दाखवली: जागा नाही. ती मागत होती तेवढी जागा चंद्रकांतच्या अख्ख्या धंद्याने व्यापली नव्हती. मग त्याने जागा केली. खोऱ्यातली दोन-तीन वर्षांतली लग्नं पुसली. ज्या फोटोंच्या दोन-दोन कॉपी होत्या त्यांची एकेक उडवली. सीड्यांवर काढून ठेवलेलं असेल असं त्याला वाटलं, पण जुन्या सीड्या तो दरवर्षी रिह्याच्या शेतकऱ्यांना पाखरं हाकलायला वाटून टाकत असे. तिथली कितीतरी लग्नं भाताच्या खाचरात दोरीला लटकून चकाकत होती आणि चिमण्या त्यांना घाबरत होत्या.

बारा नंबर चालू झालं. चंद्रकांतने पहिला प्रयोग स्वतःच्या लग्नाच्या फोटोवर केला. मेहुणा पुसला. मेहुणा होता तिथे हारतुऱ्यांचं टेबल आपोआप लांब झालं. डाग नाही, काही नाही. चंद्रकांत खुर्चीवरून उठून दुकानाबाहेर जाऊन आला. इतक्या वर्षांची पाठदुखी त्याला एकदम आठवली. आपण उगाच सारवत बसलो असं त्याला वाटलं, आणि हे कुणाला तरी दाखवावं असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेब आले. सोबत गेणबा. गेणबाला उद्योग असा नव्हता; दादासाहेब जिथे जातील तिथे जाऊन, परत आल्यावर गावाला सांगणं हे त्याचं काम. दादासाहेब बाकावर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग पंक्चरवाल्याच्या पोऱ्याला हाक मारून त्यांनी स्वतःच तीन चहा सांगितले.

इतक्या वर्षांत बाकावर टेकून चहा सांगणारं गिऱ्हाईक पुढे काय बोलतं, हे चंद्रकांतला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण ते सातच्या काळातलं. चंद्रकांत आता बारावर होता.

"त्या फोटोचं जरा..." दादासाहेब म्हणाले.

"दादासाहेब, तुम्ही इकडे या आधी! खुर्ची घ्या. गेणबा, तू पण ये. गंमत बघा."

"न्हाई, मी म्हणत व्हतो, त्या फोटोचं..."

"तेच दाखवतो ना. आठ दिवस विसरा आता. चहा यायच्या आत होतंय."

त्याने फोटो उघडला. लॉन. डावीकडे सौरभ आणि जुईली, उजवीकडे दादासाहेब फेट्यात, आणि मधे अनुसयाबाई आणि वृषाली, खांद्याला खांदा लावून. चंद्रकांतने माऊसने वृषालीभोवती रेघ ओढली. रेघेचे ठिपके तिच्याभोवती पळायला लागले. मुळशीत कुणालाही हे दृश्य ओळखीचं वाटलं असतं. आधी कुंपण पडतं, मग आतलं जे असेल ते जातं आणि लॉन येतं.

चंद्रकांतने बटण दाबलं. लॉन आलं.

"आयला!" गेणबा म्हणाला.

"आता बघा." चंद्रकांतने दुसरं बटण दाबलं, वृषाली परत आली. "आहे." पुन्हा दाबलं. "नाही." पुन्हा. "आहे. नाही. आहे. नाही. कुठे डाग दिसतोय का सांगा. कुंडी नको म्हणाला होतात ना? नाही ठेवली."

दादासाहेब स्क्रीनकडे बघत होते. त्यांची मुलगी जात होती आणि येत होती, हसतच. टोपी त्यांनी मांडीवरून उचलली आणि हातातच धरली.

"दादा," गेणबा म्हणाला, "काय बी म्हना, नसल्यालंच ब्येस दिसतंय. सुटसुटीत. कुणाला वाटायचं बी न्हाई, तुमाला पोरगी व्हती म्हणून."

तेव्हा फोटोत वृषाली होती. चंद्रकांतचं बोट बटणावर होतं आणि तो दादासाहेबांच्या तोंडाकडे बघत होता. शाबासकीसाठी. खताच्या दुकानातलेही दोघं तोवर दारात येऊन उभे राहिले होते. दादासाहेबांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. गेणबाकडे पाहिलं. चारचौघांत मागे सरायची त्यांना सवय नव्हती. मागे सरायचं तर समोरचं माणूस एकटं सापडावं लागतं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "ठेव तसंच."

चंद्रकांतने शेवटचं बटण दाबलं, त्याच नावाने फोटो सेव्ह केला आणि फाइल बंद केली. वृषाली असलेला फोटो आता कुठेच उरला नाही. मग चहा आला. दादासाहेबांनी घेतला नाही. त्यांचा गेणबाने घेतला.

पाच-सहा दिवसांनी अनुसयाबाई गणपती न्यायला आल्या. काच बसवून तयार होती. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

चंद्रकांतने दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराने डोळे नाही, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"पंधरा दिस म्हणला व्हता भाऊ तुमी."

"वहिनी, नवीन आवृत्ती आली. त्यात लगेच होतं. मला तरी कुठे..."

"ते त्या दिशी कशाला आलं व्हतं, म्हायतीय का तुमाला?"

चंद्रकांतने गणपती कागदात गुंडाळायला घेतला.

"घरनं निगताना मला म्हणलं, राहू दे म्हणून सांगून येतो. असं म्हणलं. न्याहारी बी नीट क्येली. म्या मागं देवाला साखर ठिवली. परत आलं ते न बोलता. संध्याकाळी म्हणलं, मी सांगायच्या आतच झालं. मशीननंच कौल दिला. आता त्येच्या म्होरं काय करनार."

"त्यांनी सांगितलं असतं तर मी परत आणलं असतं वहिनी. एक बटण होतं. त्यांच्यासमोरच मी चारदा आणलं."

"न् त्यांनी काय म्हणायचं व्हतं? गेणबाम्होरं? माझी पोरगी परत आन म्हणून?" त्या हसल्या, पण ते हसण्यासारखं नव्हतं. मग स्क्रीनवर स्वतःच्याच तोंडावर बोट टेकवलं. "हितं म्या कुनाकडं बगून हासतीया मग? गवताकडं व्हय?"

"मान सरळ करता येते."

"न्हाई करायची."

बाहेर एका ट्रकने हॉर्न दिला आणि पंक्चरवाल्याने त्याला शिवी दिली. दोन्ही सावकाश झालं.

"तिचा नवा फोटो आनते," त्या म्हणाल्या. "मोबाइलवर असत्याल. त्यातनं तिला बसवा परत हितं. तुमी मेल्याल्या मानसांना फोटोत कोट घालताय, जित्या पोरीला जागेवर बसवता यील का न्हाई?"

"बसवता येईल. पण दादासाहेबांनी सांगायला पाहिजे."

"मी सांगतीया की."

"तसं नाही वहिनी. फोटो त्यांचा आहे. ऑर्डर त्यांची आहे."

"बरं, मग कुंडी तरी ठेवा. मोटी कुंडी. हितं." त्यांनी लॉनवर बोट ठेवलं.

चंद्रकांतने मान खाली घातली. दादासाहेबांच्या येत्या महिन्यातल्या तीन फ्लेक्सचा मजकूर त्याच्या काउंटरवर, काचेखाली होता. "कुंडी आता करत नाही, वहिनी," तो म्हणाला. "जुनी पद्धत झाली ती."

अनुसयाबाईंनी लॉनवरचं बोट उचलून पुन्हा स्वतःच्या तोंडावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मग मला बी काडा ह्यातनं."

"त्यालासुद्धा दादासाहेबांनीच सांगायला पाहिजे," चंद्रकांत म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

वृषालीला येऊ नकोस म्हणून कळवायचं अनुसयाबाईंच्या मनात आलं, पण कळवलं नाही. फोटो काहीही सांगो, पोटची पोर समोर उभी राहिली की बापाचं तोंड फिरतं का ते बघू, असा एक शेवटचा हिशेब त्यांनी मनात ठेवला होता.

वास्तुशांत जोरात झाली. मांडव, बुंदी, मसालेभात, पंगतीवर पंगती. फोटो काढायला अर्थातच चंद्रकांत. हॉलमध्ये शिरलं की समोर सहा फुटी फ्रेम. येणारा प्रत्येक जण आधी तिथे थांबायचा आणि लॉनचं कौतुक करायचा. कुठलं कार्यालय म्हणायचं हे? केवढं मोकळं! दादासाहेब फ्रेमखाली उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करत होते. शेजारी ऋषिकेश होता. नवा शेजारी म्हणून पहिला मान त्याला दिला होता.

दुपारी, दुसरी पंगत बसायच्या सुमाराला, वृषाली आणि विकी दारात आले. तिच्या अंगावर आईने पूर्वी घेतलेली साडी. त्याच्या हातात भिंतीवरचं घड्याळ, रंगीत कागदात बांधलेलं. वृषालीने चप्पल काढली, मान वर केली आणि तिला समोर फ्रेम दिसली. ती तिने नीट बघितली, डावीकडून उजवीकडे. कुणी परक्याच्या घरातला फोटो बघावा तशी.

मांडवातली कुजबुज थांबली. स्वयंपाकघराच्या दारात अनुसयाबाई बुंदीची परात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

ऋषिकेशला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो मोकळ्या मनाचा माणूस. "सर, या कोण?" त्याने विचारलं. "ओळख करून द्या ना."

दादासाहेबांनी मुलीकडे बघितलं. मग मागे वळून फ्रेमकडे. तिथे सौरभ होता, जुईली होती, अनुसयाबाई होत्या, ते स्वतः होते. आणि लॉन होतं, हिरवंगार, कुठेही डाग नसलेलं.

"पाव्हणे हायेत," दादासाहेब म्हणाले. "जांब्याचे."

त्यांनी विकीपुढे हात जोडले, एप्रिलमध्ये जोडतात तसेच. विकीने घड्याळ सौरभच्या हातात दिलं आणि तोही हात जोडून म्हणाला, "बंगला छान झालाय, दादासाहेब. तुमचा यंदाचा फ्लेक्स आम्ही आजीच्या पडवीवर घातला होता. पावसाळाभर एक थेंब गळला नाही."

"अरे वा," दादासाहेब म्हणाले. "सौरभ, पाव्हण्यांना पानावर बसव. काय कमी पडू देऊ नको."

काही कमी पडलं नाही. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. दोघांना पंगतीत चांगल्या जागी, पंख्याखाली बसवलं. वाढप्यांनी आग्रह केला. गेणबाने स्वतः दोनदा मसालेभात आणला. रिह्यात त्या दिवसाबद्दल अजून बोलतात ते कौतुकानेच: काय मोठ्या मनाचा माणूस, पोरीला घरात घेऊन जेवू घातलं! वृषाली खाली मान घालून जेवत होती. पानात कारलं वाढलं होतं, ते तिने आधी संपवलं.

पंगत अर्ध्यावर असताना जुईलीने आठवण केली आणि चंद्रकांतने फ्रेमसमोर कॅमेऱ्याची तिपाई मांडून हाक दिली, "घरचे तेवढे पुढे या! नव्या घरातला पहिला फोटो!"

घरचे तेवढे पुढे आले. दादासाहेब, सौरभ, जुईली. पंगतीत वृषालीचा हात पानावर थांबला. विकीने तिच्याकडे पाणी सरकवलं.

"वहिनी!" चंद्रकांतने आवाज दिला. "वहिनी कुठे आहेत?"

अनुसयाबाईंनी परात खाली ठेवली. हात पदराला पुसले. सगळ्यांना वाटलं, निघाल्या. त्या निघाल्याच, पण पंगतीकडे. वृषालीच्या शेजारी एक म्हातारी जेवत होती, तिला त्यांनी "सरका जरा मावशी" म्हणून सरकवलं आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. समोर पान नव्हतं. वृषालीच्या पानातली पुरी उचलून त्यांनी तोडली.

"अगं, फोटो!" दादासाहेब म्हणाले.

"घरच्यांचा हाय न्हवं?" अनुसयाबाई तिकडूनच म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण मांडवात दुसरा आवाज नव्हता. "घरच्यांचा काडा. आमी पाव्हण्यात बसलोय."

गेणबाने भाताचं पातेलं खाली ठेवलं. ऋषिकेश काहीतरी बोलायला गेला आणि त्याला तेवढी अक्कल होती की बोलला नाही. दादासाहेबांचा चेहरा क्षणभर असा झाला की ते आता चालत पंगतीकडे जातील. एक पाऊल त्यांनी टाकलंसुद्धा. मग खताच्या दुकानातले दोघं दिसले, सोसायटीचे चेअरमन दिसले, सगळं गाव दिसलं. पाऊल त्यांनी मागे घेतलं, फेटा सारखा केला आणि चंद्रकांतला जवळ बोलावलं.

"काढ तू," ते हळू आवाजात म्हणाले. "तिला जुन्या फोटोतनं घे."

चंद्रकांतने पंगतीकडे बघितलं. माय-लेकी एका पानात जेवत होत्या. मग त्याने तिपाईवरचा कॅमेरा नीट केला.

"हो, घेता येईल," तो म्हणाला, आणि हात हलवून सौरभ आणि दादासाहेबांना थोडं थोडं बाजूला सरकवलं. मधे एका माणसापुरती जागा सोडायची होती.